एकोणीस टोप्या, बरोबर

टोप्या एकोणीस होत्या. पवनारला बसच्या दारात उभं राहून मी त्या दोनदा मोजल्या, एकदा पुढून, एकदा मागून. मग ड्रायव्हर बंडूभाऊंना रुबाबात हात केला, "चला, बोर धरण!" आणि बस सुटली. त्यातल्या एका टोपीखाली भलत्याच कुणाची तरी मुलगी बसली होती, हे सेलू येईपर्यंत मला कळलं नाही.

थांबा, आधी माझा धंदा सांगते. मी रविवारच्या सहली काढते. सकाळी वर्ध्यातून निघायचं, जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, डबा आपापला आणायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी. मोठ्या शहरातल्या वॉटर पार्कचं तिकीट ज्यांना परवडत नाही, किंवा परवडतं पण जिवावर येतं, ती सगळी कुटुंबं माझी गिऱ्हाइकं. सकाळी सेवाग्रामचा आश्रम, दुपारी पवनारला धाम नदीच्या काठी डबे, मग बोर धरण. पोरांना इतिहास, भूगोल आणि चिखल एकाच दिवसात.

चढताना प्रत्येक मुलाला मी एक पिवळी टोपी देते. बस हलण्याआधी डोकी मोजायची असतात, आमच्यात त्याला हेडकाउंट म्हणतात. चुळबुळणारी पोरं मोजता येत नाहीत. पिवळी टोपी मोजता येते. पंधरा वर्षांत माझं एकही मूल हरवलं नाही, हे मी प्रत्येक सहलीत माइकवरून सांगते. त्या दिवशी जरा जास्तच जोरात सांगितलं होतं.

त्याला कारण होतं. सकाळी बोरगाव मेघेच्या स्टॉपवर मेश्राम आबाजी नातीला घेऊन चढले. पोस्टातून रिटायर झालेले, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्यांवर काळा चष्मा. नात संबोधी, आठ वर्षांची. याआधी आईबरोबर दोनदा माझ्या सहलीला आलेली. तिच्या तोंडाचा पट्टा पायरीवरच सुरू झाला. खाली स्कूटीवर तिची आई, म्हणजे आबाजींची सून.

"आबाजी, पह्यल्यांदा एकटे नेऊन राह्यले तुम्ही तिले. काही झालं ना, तं मंग पुढे नाई पाठवणार."

"अवं, तीस वर्षं लोकांची पत्रं बरोबर घरी पोचवली म्या. एक पोरगी नाई सांभाळत काय?"

"पत्रं पळत नाई, आबाजी."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पंधरा वर्षांचं माझं वाक्य तिला ऐकवलं. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी ते पुन्हा म्हटलं.

वाटेत आबाजी मला म्हणाले, "ऑपरेशन झाल्यापासून घरात मले कोणी काही करूच देत नाई, ताई. दूध आणाले पण नाई पाठवत. हा एक रविवार भेटला. तो नीट गेला पाहिजे." एवढं म्हणून त्यांनी संबोधीचा हात घट्ट धरला. तेव्हा ती मला आश्रमाबद्दल सातवा प्रश्न विचारत होती.

पवनारला नदीकाठी आमच्याशेजारी दुसरी सहल उतरली होती. हिंगणघाटकडची एक शाळा, चोपन्न मुलं आणि एक सर. त्या मुलांच्या डोक्यांवरही पिवळ्या टोप्या.

"सर, एकाच दुकानातून घेतल्या वाटतं आपण?"

"इतवारीच्या बाजारातून, मॅडम. होलसेल!"

आपापल्या काटकसरीवर आम्ही दोघंही इतके खूश झालो, की पुढचा विचार दोघांनीही केला नाही. मुलं एकमेकांत मिसळून पाण्यात दगड फेकत होती. जेवणं झाली. त्यांनी त्यांच्या टोप्या मोजून बस सोडली, अर्ध्या तासानं मी माझ्या मोजल्या. दोघांचेही आकडे बरोबर.

बसमध्ये आबाजींना डुलकी लागली. शेजारी टोपी नाकापर्यंत ओढून पोरगी गप्प. मला वाटलं, दमली बिचारी. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मी मोठ्यांना विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं सकाळपासून तीच देत होती.

सेलू आलं तशी मी माइकवर क्विझ सुरू केली. "धरणाचे दरवाजे कधी उघडतात?"

पोरं खिडकीबाहेर पाहत होती. शेवटी मीच माइक तिच्या टोपीखाली नेला. "संबोधी, तू सांग. तू तर दोनदा आली आहेस."

स्पीकरमधून बारीक आवाज आला, "मले नाई माहीत. म्या धरण पाह्यलंच नाई."

मी टोपी वर केली. गोल चेहरा, दोन वेण्या, पुढचा एक दात गायब. संबोधीचे दात सगळे जागेवर होते.

आबाजी दचकून जागे झाले. काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे कोण व्हय?"

"मी खुशी."

"संबोधी कुठी हाय?"

"आमच्या बसमधी."

बसमध्ये चिवड्याची पिशवी उघडल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. बंडूभाऊंनी गाडी बाजूला घेतली.

खुशीला काही लपवायचं नव्हतं. तिच्या मते व्यवहार अगदी सरळ होता. "आमचे सर दरवर्षी चरख्याच्या म्युझियमलेच नेते. दुसरीत नेलं, तिसरीत पण तेच. संबोधी म्हणे, आमच्या ताई दरवेळी धरणावरच नेते, मले चरखा फिरवाचा हाय. मंग आम्ही बस बदलली."

"आणि परत कधी बदलणार होतात?"

"पाच वाजता. पवनारच्या पुलावर."

आमची बस परतताना त्या पुलावरून जाणार होती, हे खरं. पण शाळेची बस वर्ध्यातलं म्युझियम करून परस्पर हिंगणघाटला जाणार होती, एकदम उलट्या दिशेला. त्या पुलावर पाच वाजता संबोधी येणारच नव्हती.

आबाजी सीटवरून उठले. "ताई, फोन लावा. कोणाले तरी लावा."

सरांचा नंबर खुशीला माहीत नव्हता. पण ड्रायव्हर लोक एकमेकांना ओळखतात, आमचा धंदा निम्मा त्याच्यावरच चालतो. "शंकर हाय त्या गाडीवर. पवनारले सोबतच चहा घेतला," बंडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. शंकर उचलेना.

तेवढ्यात आबाजींचा फोन वाजला. सून.

आता माझ्या धंद्याची एक पद्धत ऐका. आधी निस्तरायचं, मग सांगायचं. निस्तरलेली गोष्ट गंमत म्हणून सांगता येते. मी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "रेंज नाही म्हणा. अर्ध्या तासात आणतो आपण तिला."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खुशीकडे. फोन उचलला.

"सूनबाई, आपली पोरगी माह्याजवळ नाई. माहा डोळा लागला. ते दुसऱ्या सहलीच्या बसमधी गेली. चरख्याच्या म्युझियमले हाय म्हंते. आम्ही सेलूले हाओत, निघून राह्यलो."

पलीकडून उत्तर येईपर्यंत मी मनातल्या मनात बुकिंगची वही बंद करून धंदा गुंडाळूनही टाकला.

मग आवाज आला, "कोणत्या गावची बस?"

"हिंगणघाटकडची."

फोन कट.

बंडूभाऊंनी मला न विचारताच गाडी वळवली. मागून एक मावशी म्हणाल्या, "धरण गेलं वाटते आजचं."

"धरण कुठी पळून चाललं काय, मावशी?" बंडूभाऊ आरशातून म्हणाले. "पोरगी आणू पह्यले."

वाटेत एकदाचा शंकरनं फोन उचलला. त्याचा बटनांचा फोन, म्हणजे खुशीचा फोटोही पाठवता येईना. त्यानं फोन सरांच्या हातात दिला.

"सर, तुमची खुशी आमच्या बसमध्ये आहे."

"अशक्य आहे, मॅडम. माझे चोपन्नच्या चोपन्न आहेत. आत्ताच मोजले."

"सर, एक कमी नाही, एक वेगळी आहे! नाव घेऊन बघा."

सर ओरडले, "खुशी!"

आणि बसच्या मागच्या टोकाकडून खणखणीत आवाज आला, "हजर, सर!"

तो आवाज मी सकाळपासून ऐकत होते. "सर, तीच! तीच ती संबोधी!"

"मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आमचं म्युझियम झालं, आम्हाला हिंगणघाट गाठायचंय." आणि फोन बंद. नंतर शंकरला किती वेळा लावला, त्यानं उचलला नाही. तो गाडी काढत होता.

सेलूहून वर्धा अर्ध्या तासाचं अंतर. आबाजी सीटच्या दांड्याला धरून उभे होते, बसा म्हटलं तरी बसेनात. खुशी त्यांना म्हणाली, "आबाजी, घाबरू नका, माह्यी जागा खिडकीजवळची हाय. तिले छान दिसते." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचं शंकरनं सांगितलं ते असं. बस म्युझियमच्या फाटकातून बाहेर निघत होती, तोच एक स्कूटी समोर येऊन आडवी उभी राहिली. शंकरनं हॉर्न वाजवला. बाईंनी गाडी स्टँडवर लावली, चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. बसमध्ये चढल्या. सर म्हणाले, "अहो बाई, हे काय..." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"संबोधी मेश्राम. खाली उतर."

मागच्या सीटवरची एक पिवळी टोपी हळूच उभी राहिली.

तेव्हा कुठे सर एकेक टोपी वर करून पाहू लागले. "मग माझी खुशी कुठे आहे?"

आम्ही पोचलो तेव्हा मायलेकी फाटकाशी होत्या. संबोधीच्या मुठीत वीतभर सूत होतं, तिनं स्वतः काढलेलं. ते कुणाला दाखवायची ही वेळ नाही, एवढं तिला कळत होतं. खुशीला मी सरांच्या ताब्यात दिलं. ती त्यांना एवढंच म्हणाली, "सर, धरण राहूनच गेलं." सरांनी मान खाली घातली, मग हळूच मला विचारलं, "मॅडम, ते बोर धरण एका दिवसात होतं का?" पुढच्या वर्षी त्यांनी शाळा तिकडेच नेली. रस्ता मीच आखून दिला.

माझी माणसं तोवर बसमधून उतरून म्युझियममध्ये शिरली होती. त्या मावशी चरखा फिरवून बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, हे इतकं जवळ होतं. मंग आजवर काऊन नाई आणलं?" संबोधीनं खुशीला हेच तर सांगितलं होतं.

आबाजी सुनेसमोर उभे होते. चष्मा हातात.

"बोल सूनबाई. चूक माहीच हाय. डोळा लागला."

"हिले एक महिना कुठीच जाणं नाई," सून म्हणाली. संबोधीनं सुताची मूठ पाठीमागे नेली.

"अन् मले?"

"तुम्हाले काऊन? तुम्ही खरं सांगतलं म्हणून मी पोचली. तुम्ही काही दुसरं सांगतलं असतं, तं हे पोरगी आता हिंगणघाटच्या रस्त्यावर असती."

मी बसच्या टायरकडे फार बारकाईनं पाहत होते.

"पुढच्या रविवारी तुम्ही जा, आबाजी," ती म्हणाली. "हिले घरी ठेवते मी."

पुढच्या रविवारी आबाजी एकटेच आले, पुढच्या सीटवर बसले आणि धरणापर्यंत टक्क जागे राहिले.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. बुकिंग घेताना काय काय पाहून झालंय, हे आता मुलांनाच विचारते. आणि सहलीत काही बिघडलं, की पहिला फोन घरच्यांना. तो धीर देण्यासाठी नाही. बहुतेक वेळा ते आपल्यापेक्षा जवळ असतात.