आजूर तेराशे सत्तावन्न

पाचोडच्या शाळेत मौलवीसाहेबांनी छडी हातात धरून फसली वर्षाचे बारा महिने घोकून घेतले होते, ते बन्सी नरवडेच्या जिभेवरून साठीतही हलले नाहीत. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, अशी सुरुवात केली की आबानपर्यंत एका दमात. निजामाच्या राज्यात कोर्टकचेरी, जमिनीचे कागद, तुरुंग, सगळं या महिन्यांवर चालायचं. पोलिस ॲक्शन झाली, राज्य गेलं, महिने गेले, उर्दूही कचेरीतून उठून गेली. बन्सीच्या डोक्यात तेवढी राहिली. आणि त्याच्यावरच त्यानं औरंगाबादच्या दफ्तरखान्यात तेहतीस वर्षं नोकरी ओढली, कारण जुना कागद वाचायचा म्हटलं की साहेब लोक माना खाली घालायचे आणि शिपाई ओरडायचा, "नरवड्याला बोलवा."

तो तुरुंगातही जाऊन आलेला होता. त्याची गोष्ट तो फार सांगत नसे, कारण ती सांगायची तर हैदरपासून सुरू करावी लागे.

हैदर टांगेवाला. पैठणच्या रस्त्यावर त्याचा टांगा चालायचा. सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात एकोणीस वर्षांचा बन्सी त्याच्या टांग्यात बसून शहराकडं निघाला, तेव्हा घोड्याच्या चाऱ्याच्या पोत्यात सत्याग्रहाची पत्रकं होती आणि दोन तिरंगे. पत्रकं बन्सीची, पोतं हैदरचं. नाक्यावर निजामाच्या जवानानं पोत्यात काठी खुपसली आणि विचारलं, कुणाचं? बन्सीची बोबडी वळलेली. तो तोंड उघडीपर्यंत हैदर म्हणाला, "मेरा है." मग दोघांनाही नेलं.

अकरा महिने. हैदरनं तिथं दोन्हीकडून सोसलं. पहारेकरी त्याला आपल्यातला गद्दार म्हणून जास्तीचं हाणायचे. आणि आत सत्याग्रही मंडळी जेवायला बसली की त्याच्या ताटाला पंगतीत जागा नसायची. पंधरा दिवस तो भिंतीकडं तोंड करून जेवला. सोळाव्या दिवशी बन्सी उठून त्याच्याजवळ जाऊन बसला. यात फार मोठं काही केलं असं बन्सीला कधी वाटलं नाही, उलट पंधरा दिवस का लागले हेच त्याला आयुष्यभर खुपत राहिलं.

सुटल्यावर हैदर परत टांग्यावर बसला. पुढं पेन्शनची योजना आली तेव्हा बन्सीनं त्याचा अर्ज लिहून ठेवला होता. हैदरनं तो घोड्याच्या पुढ्यात धरला. "कागद लेके फिरने से घोडा फिराना अच्छा, बन्सी. घोडा पुरावा नाय मागत." आठ वर्षांपूर्वी तो गेला. मागं रोशनगेटजवळ दोन खोल्या, बायको अनवरी आणि उर्दू शाळेत शिकवणारी मुलगी फहमिदा.

आता मुक्तिस्मृती जतन मंडळाचं. हे मंडळ म्हणजे काकासाहेब औताडे. वाळूजला त्यांचा पत्र्याचे भाग ठोकायचा कारखाना. कारखाना चालायला लागला आणि त्यांना इतिहासाची तलफ आली. पोलिस ॲक्शनच्या वेळी ते दहा वर्षांचे होते, पण भाषणात "आम्ही निजामाला वाकवला" असं म्हणत. दर सतरा सप्टेंबरला म्हातारे सैनिक गोळा करायचे, शाल-श्रीफळ, फोटो. एका वर्षी पाहुणे चार तास उशिरा आले. फकिरा नावाचा ब्याऐंशी वर्षांचा सैनिक पहिल्या रांगेत बसून होता. उठू का म्हणून त्यानं दोनदा विचारलं, दोनदा त्याला खाली बसवलं. शेवटी खुर्चीतच त्याचं धोतर ओलं झालं. काकासाहेबांनी फोटोवाल्याला सांगितलं, "कमरंच्या वरून घे." फकिरा शालीनं मांड्या झाकून बसला होता, आणि त्याच शालीचा फोटो पेपरात आला. बन्सीला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

तरीही त्यानं मंडळाचं काम घेतलं. कारण काकासाहेबांना कुठल्यातरी जुन्या जेलरच्या घरच्या अडगळीत तुरुंगाचं दाखल-रजिस्टर सापडलं होतं. उर्दूतलं, चारशे पानांचं. मुक्तीला चाळीस वर्षं होणार म्हणून त्यावरून स्मरणिका काढायची होती. पहिल्या दिवशी मंडळींनी रजिस्टरची पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं आणि वर नारळ फोडला. नारळाचं पाणी पानावर सांडलं. चाळीस वर्षं वाळवीनं सोडलेली शाई बन्सीच्या डोळ्यांदेखत पसरली आणि तीन माणसांची नावं निळ्या डागात गेली. "शुभ असतंय," कुणीतरी म्हणालं. बन्सीनं आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पान टिपलं. रजिस्टर या लोकांच्या हाती एकटं सोडायला त्याचं मन होईना.

चार महिने बसून त्यानं सगळं रजिस्टर देवनागरीत उतरवलं. दफ्तरखान्याचा त्याचा नेम होता की मुळात आहे तसंच उतरवायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही. म्हणून तारखा त्यानं फसलीच ठेवल्या. काकासाहेब म्हणाले, इंग्रजी तारखा आम्ही लावून घेऊ, छापायच्या आधी तुम्हाला दाखवू. दाखवल्या नाहीत. आणि बन्सीनंही मागितल्या नाहीत.

सप्टेंबरच्या बारा तारखेला दुपारी फहमिदा घरी आली. बन्सीची बायको वच्छलाबाई ज्वारी निवडत होती, तिनं पाट सरकवला. फहमिदा बसली नाही. पिशवीतून स्मरणिका काढून तिनं पान त्रेचाळीस उघडलं.

"चाचा, हे तुम्ही लिहिलंत?"

डाव्या पानावर काकासाहेबांचा अर्धा पानभर फोटो. उजव्या पानावर मथळा : 'मुक्तीनंतर अटक झालेले रझाकार व त्यांचे साथीदार.' खाली यादी. सातवं नाव हैदर वल्द कमरोद्दीन, टांगेवाला, अटक ऑक्टोबर १९४८.

"किराणावाल्यानं गल्लीत मोठ्यानं वाचून दाखवलं," फहमिदा म्हणाली. "अम्मी तीन दिन से दरवाजा नहीं खोल रही. चाचा, सतरा तारखेला हेच सगळ्यांना वाटणार ना?"

वच्छलाबाईला अक्षरओळख नव्हती, पण नवऱ्याचं तोंड तिला वाचता यायचं. तिनं सूप खाली ठेवलं. "काय झालं हो?"

"घाण झाली," बन्सी म्हणाला. "आन् तिच्यात माझा बी हात हाय."

तो तसाच वाळूजला जाणाऱ्या बसमध्ये चढला. कारखान्यात काकासाहेबांची वेगळी गार खोली होती. भिंतीवर गंजलेल्या दोन तलवारी आणि कुणा किल्लेदाराचा म्हणून आणलेला अडकित्ता. काकासाहेब चहा पीत होते.

"या बन्सीभाऊ. पाहिली का स्मरणिका? दोन हजार छापली. चौदाशे तर शाळा-वाचनालयांत पोचती पण झाली."

"हैदरचं नाव चुकलंय."

"कोण हैदर?"

"पान त्रेचाळीस. तुमच्या फोटूसमोर."

काकासाहेबांनी चष्मा चढवला, यादीवरून बोट फिरवलं. "चुकलं कसं? तुम्हीच आजूर तेराशे सत्तावन्न उतरवलंय. फसलीत पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे. झालं एकोणीसशे अठ्ठेचाळीस. आजूर म्हणजे ऑक्टोबर. तवा तर मुक्ती झालेली, लष्कर रझाकारांना धरत होतं."

"फसली साल ऑक्टोबरातच सुरू व्हायचं, काकासाहेब. आजूर हा पयला महिना. डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांना पाचशे नव्वदच मिळवायचे. जानेवारीपासून पुढं एक्क्याण्णव. तेराशे सत्तावन्नचा आजूर म्हंजी सत्तेचाळीसचा ऑक्टोबर. शाळेतलं पोरगं सांगायचं हे."

"आता कुठलं पोरगं सांगतंय."

"बरं, मग माझी तारीख काढा. एकोणीस आजूर, तेराशे सत्तावन्न. हैदरची बी तीच. रजिस्टरात वरच्या वळीला तो, खालच्या वळीला मी. मला सत्याग्रहीत घातलं, सत्तेचाळीस लावून. ते कसं?"

काकासाहेब मोकळेपणानं हसले. "अहो, तुमचं पण अठ्ठेचाळीसच आलं होतं. म्हटलं हे कसं काय, बन्सीभाऊ रझाकार कसे असतील? काहीतरी लिहिण्यात गफलत असंल. मग एक साल मागं घेतलं. तुमच्यासारखे आणखी सहा जण निघाले, त्यांचंही घेतलं."

"आन् हैदरचं?"

काकासाहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं. "त्याचं बरोबर वाटलं."

बिस्कीट मोडून कपात पडलं, ते त्यांनी बोटानं काढून तोंडात घातलं. बन्सी बघत राहिला. त्याला त्या बोटाची, त्या चहाची, त्या गार खोलीची शिसारी आली. हा माणूस शिव्या देत नव्हता, डोळे वटारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

"नवं पान छापा," बन्सी म्हणाला.

"आता कुठं? पुढल्या साली शुद्धिपत्रक काढू. नाहीतर असं करू, मी भाषणात त्यांचा उल्लेख करतो. आपल्यात एक मुसलमान सैनिक पण होता म्हणून. पाहुण्यांना आवडंल."

"उल्लेख नको. सहाशे प्रती राहिल्यात ना?"

"त्या कार्यक्रमात वाटायच्या हायेत," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

सतरा तारखेला झेंडावंदन उरकून मंडळी सभागृहाकडं यायच्या आत बन्सी आणि वच्छलाबाई दारातल्या टेबलाशी येऊन बसली होती. गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडलेल्या. वच्छलाबाई एकेक प्रत उघडून पुढं सरकवायची. पान तिला बरोबर सापडायचं, काकासाहेबांचा फोटो दिसला की थांबायचं. बन्सी दफ्तरखान्यात करायचा तसंच करत होता. चुकीच्या मजकुरावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी समासात बरोबर मजकूर : 'सत्याग्रही, अटक ऑक्टोबर १९४७, माझ्यासोबत.' खाली सही आणि तारीख. खोडून काळं करायचं नाही. चूक काय होती तेही दिसलं पाहिजे.

शंभरेक झाल्या तेव्हा काकासाहेब आले. फेटा, अत्तर. "हे काय मांडलंय?"

"दुरुस्ती."

"बन्सीभाऊ, उठा. तुमची खुर्ची स्टेजवर हाय. लोकं बघायलेत."

"बघू द्या की. त्यांच्यासाठीच चाललंय."

"वच्छलाबाई, तुम्ही तरी सांगा यांना."

"मी काय सांगू, दादा," वच्छलाबाई पुढची प्रत उघडत म्हणाली. "माझं तर तुमच्या तोंडाकडं बघून बघून डोळं दुखायलेत."

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली. काकासाहेबांचा चेहरा एका क्षणात उजळला, दिव्याचं बटण दाबावं तसा. ते पाहुण्यांना घेऊन टेबलाशीच आले. "हे आमचे ज्येष्ठ सैनिक बन्सीभाऊ नरवडे. आज प्रत्येक स्मरणिकेवर स्वतः सही करून देतायत. मंडळाचा खास उपक्रम."

पाहुण्यांनी हात जोडले, प्रत घेतली, कॅमेऱ्याकडं बघितलं. झालं. दारात रांग लागली. स्वातंत्र्यसैनिकाची सही घ्यायची म्हणून लोक एकमेकांना रेटायला लागले. कुणी पान वाचलं नाही. एक बाई म्हणाली, "आजोबा, वर माझ्या पिंकीचं नाव टाका ना." एकजण म्हणाला, सही जरा मोठी करा, फ्रेम करायचीय. एकानं हैदरच्या नावावरची रेघ बघून विचारलं, "हे का खोडलं? कोरी प्रत द्या."

बन्सीला एकदा वाटलं, टेबल उलटं करावं आणि उठून जावं. पण पेन हातातून सुटलं तर उरलेल्या प्रती तशाच बाहेर जातील. "पुढची," तो वच्छलाबाईला म्हणाला. आत त्याचं नाव पुकारलं गेलं, पुन्हा पुकारलं गेलं, मग काकासाहेबांनीच त्याच्या वतीनं शाल घेतली. टाळ्या बाहेरपर्यंत ऐकू आल्या. दुपारी दीड वाजता सहाशेवी प्रत झाली. ती त्यानं कुणाला दिली नाही.

रोशनगेटच्या खोलीत अनवरीनं दार उघडलं ते फहमिदानं दोनदा सांगितल्यावर. वयानं वाकलेली, हातात सुई-दोरा तसाच. बन्सीनं त्या सहाशेव्या प्रतीचं पान उघडून दिलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं. फहमिदानं वाचलं, रेघेखालचं आधी आणि समासातलं मग. अनवरीनं सगळं ऐकून घेतलं.

"ऐसे कित्ते किये?"

"सहाशे, भाभी."

"और छपे कित्ते थे?"

बन्सीनं आकडा सांगितला. अनवरीनं प्रत मिटून त्याच्या हातात परत दिली. "सब हुए के बाद लाना," ती म्हणाली. "अकेली ये रख के मैं क्या करूं."

यात रागाचा सूर नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं मंडळाच्या कारकुनाकडून वाटपाची यादी उतरवून घेतली. शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती, मिळून सत्तर ठिकाणं. वच्छलाबाईनं भाकरी बांधून दिली. त्यानं सुरुवात दौलताबादच्या बाजूनं केली.

पहिल्याच शाळेत हेडमास्तरांना स्मरणिका म्हणजे काय ते आठवेना. मग शिपायाला आठवलं. कोपऱ्यातल्या कपाटाचा एक पाय मोडला होता, त्याच्या खाली वीस प्रतींचा गठ्ठा घातलेला. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. बन्सीनं गठ्ठ्याकडं पाहिलं. कुणी वाचलं नव्हतं म्हणून बरं वाटावं, की कुणी उघडलंही नव्हतं म्हणून थुंकावं, त्याला कळेना.

"कपाट उचला," तो शिपायाला म्हणाला.

"अन् त्याच्या खाली काय घालू?"

"वीट घाल."

शिपाई वीट आणायला गेला. बन्सी फरशीवर मांडी घालून बसला, सुतळीची गाठ दातानं सोडवली, पान त्रेचाळीस काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.