पेशंटसंगच्यांचं वायफाय

अमरावतीत मी आणि अचलपूरचे सलीमभाई मिळून नेटवर्क बसवायची कामं करतो. कुठं कोणतं मशीन बसवलं ते आम्ही विसरतो, पण तिथं कोण काय बोललं ते डोक्यात राहून जातं. अकोल्याच्या एका दवाखान्यात तर कामापेक्षा किस्सेच जास्त निघाले.

त्या दवाखान्यात सगळ्यांना मिळून एकच वायफाय होतं. डॉक्टर मॅडमचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि नातेवाईकांचे फोन, सगळं त्यावरच. एक दिवस मॅडमच्या केबिनमधल्या प्रिंटरमधून भोकं पडलेल्या पानाचा फोटो निघाला. तो घेऊन मॅडम बाहेर आल्या.

"ही केस कोणाची आहे?"

बाकावरचा एक माणूस उठला. "माही हाये मॅडम. सोयाबीनवर अळी पडली. भावाले फोटो पाठवून राहिलो होतो, कुठं बोट लागलं काय मालूम."

मॅडमनी कागद त्याला दिला आणि आम्हाला फोन लावला. "आज पान इकडे आलं. उद्या आमचे रिपोर्ट तिकडे गेले तर?"

*

आम्ही सांगितलं, नातेवाईकांचं नेटवर्क वेगळं करू. वायर तीच राहील, पण सगळ्या वायरी जिथं येतात त्या स्विचच्या डब्यात व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरवर दोन वेगळी नेटवर्कं करून दोन भाग पाडू. मॅडमना पटेना. "वायर एकच, मग वेगळं कसं?"

सलीमभाई म्हणाले, "बिल्डिंग एकच आहे न मॅडम? तरी पुरुषांचा वॉर्ड वेगळा, बायकांचा वेगळा."

"पण आमच्याकडे पुरुष बायकांच्या वॉर्डात फिरतातच."

"तिथं वॉचमन आहे. इथं स्विच राहील."

*

सेटिंग करताना सलीमभाईंनी चुकून स्वतःचाच लॅपटॉप गेस्टच्या, म्हणजे नातेवाईकांच्या भागात टाकला. स्विच त्यांना आत घेईना. ते डोकं धरून बसले. रिसेप्शनवरच्या वंदनाताईंनी विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "भाई पाहुणे झाले."

ताईंनी लगेच चहा मागवला. मला नाही, फक्त त्यांना.

*

काम झालं. नवीन वायफायला नाव दिलं 'गेस्ट'. पण कोणी जोडेचना. वंदनाताईंनी एका आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "थे मॅडमच्या पाहुण्यायचं हाये. आमी पाहुणे नाई, आमी पेशंटसंगचे."

त्याच संध्याकाळी नाव बदललं. 'पेशंटसंगचे'. लगेच सगळे फोन जोडले गेले.

*

पुढं देखभालीसाठी गेलो, तेव्हा वॉर्डात तिवशाचे एक फुलवाले काका होते. झेंडू लावणारे. ऑपरेशन करायचं होतं, पण ते हो म्हणत नव्हते. जेवणही बंद. मॅडम समजावून थकल्या. बायको तोडणी सुरू म्हणून घरीच थांबलेली. काका शेवटी वंदनाताईंना म्हणाले, "तिले फोन लावा."

ताईंनी व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या खोलीत मॅडम कॉम्प्युटरवर त्यांचाच एक्स-रे पाहत होत्या. दोन्हीकडं काहीच अडलं नाही.

काकूंनी काकांकडं एकदा नीट पाहिलं. तब्येत विचारली नाही. फोन वळवला आणि झेंडूच्या वाफ्यांतून चालत निघाल्या. एकेक ओळ दाखवली. काका बघत राहिले.

"फवारणी काहून नाई केली?"

"घरी या अन् करा."

काकांनी फोन परत दिला. "ताई, मॅडमले सांगा. सकाळी पयला नंबर माहा लावा म्हणा."