दुसऱ्याच्या गव्हाला तेल

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकात, ऐन चैत्रात, सुरत शहरातील एका गच्चीवर तीन खान्देशी बायकांनी बारडोलीच्या एका सासूबाईंना फसविण्याचा कट रचला होता. कटाची सूत्रधार प्रस्तुत लेखिका होती. बाकीच्या दोघी आजही सांगतात की आम्ही फक्त हिचं ऐकलं. साफ खोटं आहे. त्यांनी माझं ऐकलं असतं तर पुढचा घोटाळा झालाच नसता.

आम्ही डिंडोलीला राहायचो. नवरा लूमवर, मुलं शाळेत आणि मी रांगेत. गॅसची, रॉकेलची, लाइट बिलाची, कुठलीही रांग मला चालायची. रांगेत उभं राहिलं की शहरात काय चाललंय ते पेपरपेक्षा आधी कळतं. शेजारणींच्या वाटच्या रांगाही मीच लावायचे. एकदा नवरा ताटावर बसून म्हणाला, "एवढी हौस आहे तर धंदाच काढ ना याचा!" तो चिडवत होता. मी काढला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं बूथ होतं. बूथवाला भाऊ माझे निरोप घ्यायचा आणि फोन बाजूला ठेवून रस्त्यावर येऊन आरोळी ठोकायचा, "ओ ताई, तुमच्या शेठाणीचा फोन! आजोबांची दाढी करायचीय म्हणते!" त्यामुळे माझ्या धंद्याची जाहिरात मला कधी करावी लागली नाही आणि गिऱ्हाइकाचं गुपितही कधी राहिलं नाही.

कामात बुडालेल्या लोकांची उरलेली कामं, हा माझा धंदा. साडीच्या व्यापाऱ्यांची बिलं भरायची, आजोबांना न्हाव्याकडे नेऊन आणायचं, आजींना डोळ्याच्या डॉक्टरकडे. एक शेठाणी इतकी मवाळ होती, की बिघडलेल्या ब्लाउजबद्दल शिंप्याशी भांडायला तिने मला पाठवलं. मी तिच्या वतीने अशी काही भांडले, की दुसऱ्या दिवशी शिंपीच बूथवर येऊन विचारू लागला, "ताई, माझ्या घरमालकाशी बोलाल का?"

अशात पर्वत पाटियाजवळच्या एका डॉक्टरबाईंचं बोलावणं आलं. बायकांच्या डॉक्टर. तरुण, हुशार आणि कायम घाईत. एका बाईच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधता बांधताच त्यांनी मला विचारलं,

"बेन, तुम्हाला गहू भरता येतात?"

"पोत्यात?"

"पिंपात. वर्षाचे."

मग मला सगळं कळलं. गुजराती घरांत उन्हाळ्यात वर्षभराचे गहू घेतात, निवडतात आणि कीड लागू नये म्हणून त्यांना एरंडेल चोळून पिंपात भरून ठेवतात. त्या तेलाला तिकडे दिवेल म्हणतात. त्याचबरोबर गच्चीवर पापड आणि तांदळाचे सारेवडे वाळत पडतात. हे सगळं सुनेनं करायचं. आणि बारडोलीच्या सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, की त्या दोन दिवस पिंपं पाहायला येणार आणि यंदाचं भरणं सुनेच्या हातचं दिसलं नाही, तर त्या तिकडचं घर बंद करून कायमच्या सुरतेला येतील. आणि त्या आल्या, की दिवेलागणीला सून स्वयंपाकघरात हवी.

"मग संध्याकाळचा दवाखाना?" मी विचारलं.

डॉक्टरबाईंनी बाहेरच्या बाकाकडे हात केला. बाक भरलेला होता. दिवसभर साड्यांना टिकल्या आणि लेस लावणाऱ्या बायका. काम सुटल्याशिवाय त्यांना कोण येऊ देतंय? त्यांच्यासाठीच तर बाईंनी नुकताच संध्याकाळचा दवाखाना सुरू केला होता.

"तुमचे मिस्टर काय म्हणतात?"

"मम्मी म्हणेल तसं," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तेवढंच म्हणतात."

"मग बाजारातून तयार आणून पिंपं भरा की."

"बा पापडाच्या कडेवरून ओळखतात, बेन." सासूबाईंना त्या बा म्हणायच्या. " घरात बनलं पाहिजे. फक्त मी बनवायचं नाही."

इतकं सुंदर काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी गल्लीतल्या समोरच्या काकू आणि मागच्या घरातली वहिनी यांना बरोबर घेतलं आणि डॉक्टरबाईंच्या गच्चीवर तळ ठोकला. गहू निवडले, उन्हं दिली, परातीत घेऊन तेल चोळलं. सारेवड्याची कृती बाईंच्या शेजारणीकडून गोड बोलून काढून घेतली. दुपारी बाई जेवायला आल्या की मी त्यांची तालीम घ्यायचे.

"म्हणा, बा, यंदा दाणा जरा मोठा मिळाला."

"बा, यंदा दाणा जरा मोठा मिळाला."

"पदरानं कपाळ पुसा. असं नाही! ऑपरेशनला निघाल्यासारखं नको. दमल्यासारखं पुसा."

सासूबाई यायच्या त्या दिवशी दवाखान्याला निघण्याआधी मी बाईंच्या तळहातांना भरपूर दिवेल चोळलं, नखांतसुद्धा घातलं. दवाखान्याच्या साबणाचा वास झाकायला हवा होता. बा दुपार टळल्यावर येणार होत्या. मी म्हटलं, तोवर एका शेठची गॅसची रांग उरकून येते. इथेच चुकलं.

परत आले तर अर्ध्या गच्चीवर सारेवडे, आणि उरलेल्या अर्ध्यावर, ओल्या धोतराच्या फडक्यांवर, ताटाएवढे बिबडे! ज्वारीचे, तीळ-लसूण-मिरची घातलेले आमचे खान्देशी बिबडे. घरी या दोघींची स्वतःसाठी ज्वारी भिजत होती, ती रिक्षात घालून आणली होती.

"काकू! हे काय करून ठेवलं?"

"बिबडा," काकू म्हणाल्या, जणू मीच आंधळी. "अर्धी गच्ची मोकळी होती. असं ऊन वाया घालवू?"

"गुजराती घर आहे हे!"

"मंग काय झालं? बिबडासबिगर उन्हाया व्हस का?"

बिबड्यांवाचून उन्हाळा कसला, या प्रश्नाचं उत्तर शोधायला वेळ नव्हता. खाली रिक्षा थांबली होती. कठड्यावरून पाहिलं तर एक ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या बाई उतरत होत्या आणि मागून भलीमोठी ट्रंक. दोन दिवसांच्या मुक्कामाला ट्रंक कोण आणतं? वहिनी हळूच म्हणाली, "माय वं! आते काय व्हई?"

बा तडक गच्चीवर आल्या. मागोमाग धापा टाकत डॉक्टरबाई. त्यांच्या नवऱ्याने दवाखान्यात फोन केला असावा. बांनी आधी पिंप उघडलं, मूठभर गहू उचलून हुंगले आणि परत आत सोडले. सारेवड्यांच्या कडा पाहिल्या. मग त्या बिबड्यांपाशी थांबल्या.

"वहू, आ हूं छे?" सूनबाई, हे काय आहे, म्हणून.

"बा, यंदा दाणा जरा मोठा मिळाला," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळ पुसलं.

मी डोळे मिटून घेतले. तालमीत बिबड्यांसाठी वाक्य नव्हतं.

"आणि या कोण?" बांनी आमच्याकडे बोट केलं. त्या गुजरातीतच बोलत होत्या. मी मराठीत सांगतेय.

"पेशंट," मी झटकन म्हटलं आणि पोट धरलं. माझं पाहून काकूंनी गुडघा धरला. वहिनीला काही सुचेना, तिने काकूंना धरलं.

बांनी सुनेचा हात हातात घेतला, तळवा नाकाशी नेला. तेलाचा वास होता. मी मनात टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तोच हात उलटा केला, बाही वर सारली आणि कोरड्या मनगटावरून बोट फिरवलं.

"दिवेल चोळणारी बाई कोपरापर्यंत तेलात असते, वहू. तुझं मनगटावर संपलं. आणि तुझे हे पेशंट बघ. तिघींचे कोपर चमकतायत."

आम्ही तिघींनी एकदम हात पदराखाली घेतले. एवढी एकी आमच्यात त्याआधी आणि नंतरही कधी झाली नाही.

आता डॉक्टरबाई रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. ऑपरेशनच्या वेळी बोलत असाव्यात तशा सरळ आवाजात त्या म्हणाल्या, "मी नाही केलं, बा. मला येत नाही आणि शिकायचंही नाही. संध्याकाळी माझ्याकडे बायका येतात, त्यांना दुसरी वेळ नाही. तुम्ही राहायला या. पण माझ्यासाठी या, गव्हावर पहारा द्यायला नको. दवाखाना मी बंद करणार नाही."

बा सावलीतल्या पाटावर हळूहळू टेकल्या, एक हात गुडघ्यावर दाबून. दुसऱ्या हाताने त्यांनी जवळचा अर्धओला बिबडा फडक्यावरून सोडवला आणि त्याचा तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा तुकडा. अर्धओल्या बिबड्याची गोष्टच वेगळी. काकू न राहवून म्हणाल्या, "त्याच्यावर कच्चं तेल घ्या ना, बा." गुडघा धरायचं त्या विसरल्याच होत्या.

बांनी तेल घेतलं. बिबडा संपवला. सुनेला म्हणाल्या, "दवाखान्यात कोणी बसलंय का तुझं?"

"बसल्या असतील."

"मग इथे का उभी? जा. आणि उशीर झाला तर जेवण झाकून ठेवीन म्हणून समजू नकोस, मला उद्या बारडोलीला निघायचंय."

डॉक्टरबाई जिन्याकडे अक्षरशः धावल्या. बांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. नाव, गाव, नवरा काय करतो, सगळं विचारलं. मग, "हे तू सगळ्यांकडे करतेस? लोकांची कामं?"

माझ्यातली सूत्रधार लगेच उभी राहिली. हात पदराबाहेर काढून मी सुरूच झाले: गॅसची रांग म्हणू नका, आजोबांची दाढी म्हणू नका, शिंप्याशी भांडण म्हणू नका, गहू, पापड, लोणची, आपण फक्त सांगायचं, बा, बाकी सगळं आमच्याकडे!

बा ऐकत होत्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आपल्या पिंपाकडे, मग गुडघ्याकडे, मग माझ्या चमकणाऱ्या कोपरांकडे पाहत त्या एकदम ओरडल्या,

"हाय हाय! म्हणजे हे दुसऱ्याकडून करून घेता येतं, आणि मीच वेडी जन्मभर तेल चोळत बसले?"