बाळंतिणीला कच्चं चालत नाही

परवा सुनेने जेवताना माझ्यापुढे कच्च्या भाज्यांची ताटली ठेवली. गाजर, काकडी, टोमॅटो, वर लिंबू पिळलेलं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. फळभाज्यांच्या रंगात अँटिऑक्सिडंट असतात, ते शरीराची झीज अडवतात, आणि शिजवलं की त्यातलं काही वाया जातं, म्हणून रोज थोडं कच्चं खायचं. बिचारी प्रेमाने सांगत होती, आणि माझं डोकं असं तापलं की मी ताटली पुढे ढकलली. तिला वाटलं, म्हातारीला गाजर चावत नसेल.

राग पन्नास वर्षांपूर्वीचा आहे आणि तो अजून उतरलेला नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. माहेर कोल्हारजवळ, कालव्याच्या पाण्यावरचं, दाराशी पेरूची बाग. सासर शेवगावकडे कोरडवाहू रानात. तिथे हिरवी पात दिसली तरी सण वाटायचा, आणि पोटुशी बाईला हे उष्ण, ते थंड असं करून तीही मिळायची नाही. माहेरी गेल्यावर पोटभर पेरू खाईन, या आशेवर मी नऊ महिने काढले. पोचले त्याच रात्री मुलगी झाली आणि मला आतल्या खोलीत बाजेवर टाकलं. बाजेखाली शेगडी.

बाग ऐन बहरात होती. बाहेर ओसरीवर दिवसभर पाट्या भरायचं काम चालायचं. पिकल्या पेरूचा वास दाराच्या फटीतून आत यायचा, आणि माझ्यापुढे बाजरीची भाकरी, तूप, शिजवून शिजवून काळी पडलेली शेपूची भाजी, डिंकाचा लाडू. प्यायला गरम पाणी. लिंबाची फोड नाही की कोथिंबिरीची काडी नाही. बाळंतिणीला कच्चं चालत नाही. ते थंड असतं, दुधातून बाळाला बाधतं. आमची फळं ट्रकात बसून मुंबईला जायची. मुंबईच्या बाळंतिणींना ती बाधत नसावीत.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. भाकरीचा तुकडा चावला की लाल व्हायचा. मग तोंड आलं. घास गिळवेना, अंगावरचं दूध आटायला लागलं आणि लेक उपाशीपोटी किंचाळायला लागली. आई तिला मांडीवर हलवत बसायची आणि मला आणखी एक लाडू द्यायची. तो लाडू जखमांवरून मिठासारखा जायचा.

सरकारी दवाखान्यातली नर्सबाई बाळाला बघायला आली. माझं बाळंतपण तिनेच केलं होतं. तिने माझं तोंड उघडून पाहिलं आणि आईकडे वळली. "मावशी, दारात पाट्या भरताय आणि पोरीच्या तोंडातून रक्त येतंय. हिला रोज पेरू द्या, लिंबू पिळून द्या. औषध दुसरं नाही याला."

"व्हय बाई, देते की," आई म्हणाली. नर्सबाई फाटकाबाहेर गेली न गेली तोच आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तिच्या किरिस्तावांत चालत आसंल. आपल्यात न्हाई चालत."

मी संतापले. "ज्या बाईनं तुझी नात जिवंत हातात दिली, तिची जात काढतेस?" म्हणून ओरडले. आईने शेगडीतले निखारे सारखे केले आणि बाहेर गेली. तिचं हे असं निघून जाणं मला भांडणापेक्षा जास्त चीड आणायचं.

दोन दिवसांनी दुपारी सगळे बागेत गेलेले पाहून मी बाजेवरून उठले, भिंतीला धरून ओसरीवर गेले आणि पाटीतला एक पेरू उचलला. आतून तांबडा निघाला. हिरड्या झोंबत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी बियांसकट, देठासकट खाल्ला. लाज वाटली असं म्हणणार नाही. चोरून खावं लागलं याची चीड मात्र एवढी आली की दुसराही खाल्ला.

पण पेरू लपत नाही. आई आत आली आणि दारातच थबकली. जवळ येऊन तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. नेमकी तेव्हाच लेक शिंकली. आईने तिला माझ्या मांडीवरून हिसकावून घेतलं आणि भिंतीला टेकली.

"मारतीस का हिला? मी मारला तसा?"

मला काही कळेना. मग खाली बसून, नातीला छातीशी धरून तिने सांगितलं. मी दोन वर्षांची असताना माझ्या पाठीवर मुलगा झाला होता. पाचवीच्या दिवशी तिला बाजरीच्या रानातल्या काकडीची वासना झाली आणि तिने एक काकडी खाल्ली. सातव्या दिवशी पोराने पदराला तोंड लावलं नाही. जबडा बसला, अंग लाकडासारखं ताठ झालं. आठव्या दिवशी गेला. "तुजी आजी म्हन्ली, काकडीची थंडी भरली. आईनंच खाल्ला लेकाला म्हन्ली. साऱ्या गावात सांगितलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आईला कच्चं काही खाताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आंबा नाही, बोर नाही, जेवताना कांद्याची फोड नाही. हजारो पेरू तिच्या हातून पाटीत गेले. तिला आवडत नाही, असं आम्ही खुशाल धरून चाललो होतो. एकोणीस वर्षं! आणि माझ्या बापाने, घरातल्या एकानेही विचारलं नाही. मीही नाही, हे लिहिताना माझीच मला चीड येते.

नर्सबाई पुन्हा आली तेव्हा मी आईदेखत तिला सगळं सांगितलं. मग तिने एकच विचारलं, "मावशी, नाळ कशानं कापली होती?"

"इळ्यानं. वर राख लावली. तवा समदी तसंच करायची."

"मग धनुर्वात झाला होता त्याला. गंजक्या विळ्यानं, राखेनं होतो. अशी किती पोरं गेलेली ऐकली मी. काकडीचा काही संबंध नाही, मावशी. तुम्ही काही केलं नव्हतं."

मी आईकडे पाहत राहिले. आता ती रडेल, मोकळी होईल, आजीला शिव्या घालेल असं मला वाटत होतं. मी स्वतः आजीला, ती मरून गेलेली असतानाही, मनातल्या मनात घालत होते. आई उठली. ओसरीवरून चांगला पिकलेला पेरू घेऊन आली, विळीवर चार फोडी केल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. "खा," म्हणाली. "बाई म्हन्त्यात तर खा."

त्या दिवसापासून मला रोज दोन पेरू आणि लिंबू मिळालं. पंधरा दिवसांत रक्त थांबलं, तोंड बरं झालं, मी जेवायला लागले आणि लेकीचं पोट भरायला लागलं. तिला साधी सर्दीही झाली नाही.

पण त्या दिवशी मी चारांतली एक फोड आईपुढे केली होती. "आता तरी खा. ऐकलंस ना? काकडीनं नाही गेला तो."

"काकडीनं न्हाई गेला," आई म्हणाली, "पर गेला ना?"

"अगं पण तुझा दोष नव्हता!"

"दोसाचं न्हाई गं. त्याचं नाव ठेवलं न्हवतं, बारसं न्हवतं. त्याच्या नावानं दुसरं काय हाय माज्याजवळ? ऱ्हाऊ दे तेवढं."

फोड माझ्या हातातच राहिली. त्यानंतर आई बावीस वर्षं जगली. तिने एकही पेरू खाल्ला नाही.