प्रत्येक वस्तीचे दोन

मी शिकलो तो ग्वाल्हेरच्या थाटीपूर वस्तीत राहणाऱ्या आमच्या राज्यशास्त्राच्या सरांमुळे. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून ग्वाल्हेरला आलो, तेव्हा अमेरिकेतही आपल्यासारखाच पंतप्रधान असतो, अशी माझी समजूत होती. सरांनी आपल्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात बसवून तिथली संसद समजावली.

"सभागृहं दोन. प्रतिनिधिगृहात ज्या राज्याची लोकसंख्या जास्त, त्याचे सभासद जास्त. सिनेटमध्ये राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाचे दोनच. कायद्याचा मसुदा दोन्हीकडे शब्दन् शब्द तोच मंजूर व्हायला हवा."

"एवढा खटाटोप कशाला, सर?"

"मोठ्यांचा लहानांवर विश्वास नव्हता, लहानांचा मोठ्यांवर."

पुढे सर मुलीकडे इंदूरला गेले. मी ग्वाल्हेरमध्येच, शिंदे की छावनी या वस्तीत भाड्यानं राहतो. घरमालक काका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळात घरटी एक मत. छावनीत घरं जास्त, म्हणून गणपती दरवर्षी छावनीतच. यंदा थाटीपूरकरांनी बजावलं, की आमच्याकडे बसवा, नाहीतर आम्ही वेगळे होतो. शहरात मराठी घरं आधीच थोडी. त्यांच्या दोन आरत्या होणार, या विचारानं मला चैन पडेना.

सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, घरटी मताची सभा राहू द्या, पण सोबत दुसरी समितीही करा. छावनी, टोपी बाजार, थाटीपूर, प्रत्येकाचे दोन. दोन्हींनी मानलं तरच ठराव पास.

काकांनी चष्मा काढला. "हे कोणी शिकवलं रे तुला?"

"आमच्या सरांनी."

"सर कुठले?"

"थाटीपूरचे."

"बघा! माझ्याच घरात राहून थाटीपूरची वकिली!"

तेवढ्यात थाटीपूरच्या एक काकू उठल्या. "आमची कसली? असले कुठले सर आम्ही थाटीपुरात पाहिले नाहीत. हा तुमचा भाडेकरू. गोड बोलून आम्हाला गप्प करायला तुम्हीच पाठवलाय, सब समझते हैं हम!"

दोन्हीकडून माझ्यावर नजरा रोखलेल्या. काका म्हणाले, "मोठ्या सभेशिवाय काही पास होणार नाही." काकू म्हणाल्या, "आणि छोट्या समितीशिवायही नाही!" दोघांनी हे लेखी मागितलं. मी तिथेच लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात पहिला ठराव झाला, त्या रात्री सरांना पत्र लिहिलं:

"आदरणीय सर,
मंडळ फुटलं नाही. आता आपल्याकडेही दोन सभागृहं आहेत. छोट्या समितीनं लिहिलं, गणपती यंदा थाटीपूरला. मोठ्या सभेनं पुढे जोडलं, पुढच्या वर्षी छावनीत. मग तो कागद समितीकडे परत गेला, आणि तिथेही तसाच्या तसा मंजूर झाला. काकूंनी तो तीनदा वाचून घेतला.

यंदा मूर्ती तुमच्या जुन्या क्वार्टरसमोरच्या मैदानात बसेल. काका म्हणतात, 'मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा आरतीला येणार.' भक्तीनं की पाळतीवर, ते मी विचारलं नाही. तुम्ही मात्र नक्की या, सर. तुम्ही खरोखरच आहात, हे इथे अजून पुष्कळांना पटलेलं नाही."