दोन ब्रेक, एक हात

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. इतकी वर्षं गणित शिकवल्यावर जीभ मऊ कशी राहील, असं मी स्वतःची बाजू घेऊन सांगते. पण गेल्या उन्हाळ्यात मी जे बोलले, त्याला गणिताची सबब चालायची नाही.

त्याआधीच्या डिसेंबरात माझ्या नवऱ्याची उजवी बाजू गेली. दात घासताना हातातून ब्रश पडला, तो उचलायला वाकले ते तिथेच बसले. हॉस्पिटलातून लोणावळ्याला घरी आलो तेव्हा बोलणं तुटक होतं, पाय ओढत होता आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "पाय येईल. हाताचं मात्र नक्की सांगता येत नाही. पहिले सहा महिने काय ते महत्त्वाचे." ज्याने सगळा जन्म कंपनीत मशिनी उघडून जोडण्यात घालवला, त्या फिटरच्या तोंडावर हे सांगितलं त्यांनी.  पिळायला दिलेला रबरी चेंडू तेवढा यांनी डाव्या हाताने उचलून उजव्या हातात ठेवला.

यांना एकच गोष्ट हवी होती. स्टेशनबाहेर एक चहाची टपरी आहे. तिथे रोज चार वाजता यांच्या कंपनीतले जुने सोबती जमतात. तिथे एकट्याने जायचं, एवढंच. चालत तेवढं अंतर झेपेना. सोबती रिक्षा घेऊन दारात आले, तर यांनी सरळ नाही म्हटलं. "मी सामान नाही," म्हणाले. मोटरसायकल तर डॉक्टरांनी कायमची बंद केलेली. मी दिवसभर तळेगावला शाळेत, मुलगा बंगळूरला. हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओट्यावरच्या खुर्चीत बसून समोरच्या रस्त्याकडे बघायचा. मला भीती एकाच गोष्टीची होती. खुर्चीची सवय लागली, तर तो तिथून कधी उठायचाच नाही.

मागच्या भिंतीला मुलाची माउंटन बाईक टेकून ठेवलेली होती. कॉलेजात असताना तिकोणा गडाखालच्या तिकोणा पेठेपर्यंत जाऊन यायचा तिच्यावर. मग नोकरी लागली आणि सायकल तिथेच राहिली. एप्रिलमध्ये एके दिवशी यांनी डाव्या हाताने तिच्याकडे बोट केलं. "ती चालेल."

मी हसले. खोटं कशाला सांगू? पण व्यायामाच्या बाई म्हणाल्या, पायडल मारणं पायाला चांगलंच आहे, पडणार नाही एवढी काळजी घ्या. झालं! उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी त्या सायकलच्या मागे लागले.

आमच्या चौकात पंक्चर काढणारे एक भाऊ बसतात. मूळचे तिकोणा पेठेचे, साठीच्या पुढचे, बोलतात कमी. मी सायकल ढकलत त्यांच्याकडे नेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी हँडल धरून पाहिलं, चाक फिरवून पाहिलं.

"गिअर येकच ठिवू, चढाचा हलका. उजव्या पायडलला पट्टा लावू, म्हंजी पाय निसटायचा न्हाई. मागं दोन बाजूंना बारकी चाकं जोडू. त्ये सगळं हुईल," ते म्हणाले. "खरी गोम ब्रेकात हाय, बाई."

गोम अशी होती. सायकलला पुढचा ब्रेक एका हाताला असतो आणि मागचा दुसऱ्या. यांचा उजवा हात दाबणार नाही, म्हणजे एक ब्रेक गेला. आणि आमच्या दारापासून स्टेशनच्या बाजूला जाणारा रस्ता सगळा उताराचा. दोन्ही ब्रेक डाव्या हातात यायला हवे होते.

"ब्रेक दाबायच्या येकाच लिव्हरला दोन वायरी लागत्यात. तसला लिव्हर हितं कुटंच गावायचा न्हाई. तीनचाकी सायकलीला असतोय येखाद्या. बघा."

बघा म्हणणं सोपं असतं. मी पुण्याला गेले, सायकलींच्या बाजारात दुकान न् दुकान पालथं घातलं. एकाने मला लहान मुलांच्या सायकलींचे भोंगे दाखवले. दुसरा म्हणाला, "काकू, असलं कोणी मागत नाही." मी म्हटलं, "मी मागतेय ना? मी कोणी नाही का?" तो बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मुलाने ऑनलाइन मागवलेला लिव्हर आला, तर त्याला भोक एकाच वायरीचं. मी तो परत केला आणि मुलालाच फोनवर झापलं. त्याचा काय दोष? पण तोच सापडला.

शेवटी तो लिव्हर मिळाला आमच्याच गावात. वलवणच्या बाजूला एका मावशींचं भंगारचं दुकान आहे. तिथे हॉटेलं आणि रिसॉर्टं सगळा मोडका पसारा टाकतात. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सायकलींचा तर ढीगच होता.

"पावण्यांनी दोन दिस फिरवायच्या, चार म्हयनं पावसात ठिवायच्या, मग माज्याकडं आणायच्या," मावशी म्हणाल्या. "बगा तुमी. हात कापून घिऊ नका म्हंजी झालं."

त्या ढिगाच्या तळाशी, एका फुटक्या कमोडच्या मागे, तीनचाकी सायकल निघाली. पुढे दोन चाकं आणि दोन्हींचे ब्रेक एकाच लिव्हरला. लिव्हर गंजलेला, पण दाबला की दोन्ही वायरी ओढल्या जात होत्या. मी तिथेच खाली बसले. मावशींना वाटलं, मला ऊन लागलं, त्यांनी पाणी आणून दिलं. बारकी चाकंही तिथेच मिळाली, सामान वाहायच्या ट्रॉलीची, चांगली दणकट.

भाऊंनी चार दिवसांत सायकल उभी केली. ती दारात आली तेव्हा यांनी आधी बाजूच्या चाकांकडे पाहिलं.

"लहान पोराची," म्हणाले.

"मग नका लावू. पडा, आणि दुसरी बाजूही घालवा."

डिसेंबरनंतर पहिल्यांदा ते हसले. तोंड एका बाजूला वाकडं होत होतं, पण हसले. ओट्याच्या पायरीवरून सायकलवर बसायची युक्तीही त्यांनीच काढली. मग रोज संध्याकाळी गल्लीतल्या सपाट तुकड्यावर फेऱ्या सुरू झाल्या. आधी मी सीट धरून, मग हात सोडून. उतारावर ब्रेक धरतात की नाही, ते मी रोज आधी स्वतः सायकलवर बसून बघायचे. धरत होते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आम्हा शिक्षकांना एक दिवस बोलावतात. त्या दिवशी मी दुपारी परत आले, की चार वाजता पहिल्यांदा टपरीवर जायचं, असं ठरलं. ते पुढे सायकलवर, मी मागून चालत. पण वीस पावलं मागे, ही त्यांची अट.

आता लोणावळ्याची एक रीत सांगायला हवी. इथला पाऊस लोखंड खातो. म्हणून मिरगाच्या आधी घरोघर गॅरेजमधून जळकं ऑईल आणतात आणि लोखंडाचं दिसेल त्याला चोपडतात. बिजागऱ्या, कड्या, फाटक, खिडक्यांचे गज, कोयते, सायकली. आमच्या घरात हे काम कायम यांचं. मी त्या वर्षी ते विसरूनच गेले होते.

मी तीनला घरी आले, तर सायकल प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेली आणि वरून सुतळीने बांधलेली. मला घाई. मी स्वयंपाकघरातली कात्री आणली, सुतळी कापली, कागद फेकला आणि रोजच्यासारखी सायकल उतारावर नेऊन बसले. ब्रेक दाबला. सायकल थांबेना. आणखी जोरात दाबला. छे! मी थेट शेजाऱ्यांच्या जास्वंदीच्या कुंपणात गेले. कोपर सोललं, साडी फाटली. उठून बघते तर ब्रेकच्या डिस्का, म्हणजे ब्रेक दाबला की पॅड ज्यांना पकडतात त्या चाकांजवळच्या लोखंडी चकत्या, काळ्या ऑईलने चकाकत होत्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. उतारावर माझ्या जागी ते असते तर, या विचाराने जीव घाबरला होता, आणि माझी भीती नेहमी रागाच्याच तोंडाने बाहेर पडते. मी सायकल ओढत दारात आणली. ते ओट्यावर उभे होते.

"कोणी सांगितलं होतं ऑईल लावायला?"

"गंजेल म्हणून," ते म्हणाले.

"एका हाताच्या माणसाने कशाला कराव्यात असल्या नको त्या उठाठेवी?"

हे मी बोलले. शब्द तोंडातून निघाला तेव्हाच कळलं. पण निघाला तो निघाला. ते काहीतरी सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. मग वळून आत गेले.

पुढचे पाच दिवस ते सायकलकडे फिरकले नाहीत. चेंडू टेबलाच्या खणात गेला. व्यायामाच्या बाई आल्या तर "आज नको" म्हणाले. खुर्ची तीच, रस्ता तोच. मी दोन वेळचं "जेवायला या" सोडून काही बोलले नाही, कारण बोलायला गेले असते तर रडले असते.

सहाव्या दिवशी मी सायकल ढकलत भाऊंकडे नेली. त्यांनी डिस्कवर बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

"ऑईल पॅडांनी पिलंय. आता पॅड बाद. डिस्का स्पिरिटनं धुतो मी, पर पॅड नवं आणा." मग म्हणाले, "म्या बी येका पावण्याच्या सायकलीला आसंच क्येलतं. जुन्या रबराच्या ब्रेकांची सवय आपली."

कापलेल्या सुतळीचा तुकडा गाठीसकट हँडललाच लोंबत होता. तो काढून टाकायला भाऊंनी हातात घेतला आणि ते बघतच राहिले.

"ह्ये कुणी बांधलं?"

"त्यांनीच. घरात दुसरं आहे कोण?"

"कुणी मदतीला?"

"कोणी नव्हतं."

"बाई, ही दोन येढं दिऊन वडल्याली गाठ हाय. येका हातानं बांधून दावा बगू."

मी म्हटलं, दातात धरून ओढली असेल. भाऊंनी सुतळी माझ्यापुढे धरली. दोन्ही टोकं ऑईलने काळी झालेली होती. "आसली सुतळी त्वांडात कोन घालंल?" ते म्हणाले.

 हॉस्पिटलातून आल्यापासून ज्या हातात साधा चमचा राहत नव्हता, त्या हाताने ही गाठ बांधली होती. मी ती धड पाहिलीही नाही, कात्रीने कापून मोकळी झाले. आणि वर त्यांना एका हाताचा माणूस म्हणाले.

मी सुतळी मुठीत घेऊन घरी गेले. ते खुर्चीत होते. मी त्यांच्या पायाशी ओट्यावर बसले आणि तो तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ही तुम्ही बांधली?"

त्यांनी मान हलवली.

"मला का नाही सांगितलं?"

"पुढे बांधली होती," ते म्हणाले. एकेक शब्द जुळवत म्हणाले. "हँडलपाशी. तुला दिसावी म्हणून."

"किती वेळ लागला?"

"तू शाळेत गेलीस तेव्हापासून."

मी सकाळी साडेसहाला गेले होते. मग मात्र मला आवरेना. मी म्हटलं, "चुकलं माझं. फार वाईट बोलले मी." डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकून रडले, रस्त्यावरून लोक जात होते तरी. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. कोणता, ते मी डोळे उघडून पाहिलं. डावा होता. मग थोड्या वेळाने, जड, हळू, उजवाही आला.

"ब्रेकचं माझं चुकलं," ते म्हणाले. "आमच्या वेळी डिस्क नव्हती."

पॅड मी दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आणले. त्याच 'असलं कोणी मागत नाही'वाल्याकडून, आणि या खेपेला त्याने मला बसायला स्टूल दिलं. भाऊंनी पॅड बसवले, उतारावर स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या आता त्यास्नी."

पाऊस उघडलेला बघून आम्ही निघालो. मी वीस पावलं मागे, खांद्यावर पिशवी, पिशवीत मुद्दाम विकत आणलेलं कुलूप. उतार आला. त्यांनी डावा हात आवळला आणि सायकल मुंगीच्या पावलाने खाली उतरू लागली.  वळणावर एक कुत्रं आडवं आलं, तिथेही सायकल जागच्या जागी थांबली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बरं झालं, मी पदराने डोळे पुसत होते.

टपरीवर कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. एकाने बाकावर सरकून जागा केली, दुसऱ्याने "एक वाढवा" म्हणून सांगितलं. पण हे बसेनात. सायकल कठड्याला टेकवून त्यांनी खिशातून सुतळी काढली. एक टोक उजव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबलं, डाव्याने वेढा दिला. सुतळी निसटली. पुन्हा दिला. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. सगळे दुसरीकडे बघत होते, आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच होतं.

मला राहवेना. "अहो, कुलूप आणलंय मी. सुतळी काय, कोणीही कापून नेईल."

"कोणी नाही कापत," ते म्हणाले. "तूच कापतेस."

बाकावर हशा पिकला. मीही हसले, काय करणार? त्यांनी दुसरा वेढा ओढून घट्ट केला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"कुलूप एका हाताने लागतं," म्हणाले.

मी कुलूप पिशवीत परत ठेवलं.