शेवटी लावलेलं कुंकू

उज्जैनचे मराठी लोक अंबिकाबाई नर्सना समाजसेविका म्हणत. समाजसेवा कसली डोंबलाची! बाईंना सूड घ्यायचा होता. मी त्यांच्याबरोबर बायकांच्या दवाखान्यात बारा वर्षं काढली, मला ठाऊक आहे.

सुलू त्यांची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी तिला भय्यासाहेबांना दिली. ते चाळिशीचे बिजवर, मुलगासुद्धा सुलूहून मोठा. कायद्यातून सुटायला त्यांनी रामघाटावरच्या एका ज्योतिष्याकडून खोटी पत्रिका करून घेतली आणि तेराची पोर सोळाची झाली. वर्षाच्या आत ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. "ईश्वरेच्छा," असं म्हणून भय्यासाहेब तेराव्याला पोटभर जेवले. सतरा वर्षांच्या अंबिकाबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी लग्न केलं नाही. नर्स झाल्या आणि दर चैत्रात हळदीकुंकू करू लागल्या. इतरांकडे आल्या आल्या कुंकू लावतात, हातावर डाळ ठेवतात, की बाई पुढच्या घरी जायला मोकळी. ह्यांच्याकडे कुंकू शेवटी. ते घेतल्याशिवाय सवाष्ण उठणार कशी? तासभर साऱ्याजणी अडकायच्या आणि बाई सांगत राहायच्या. कोवळ्या अंगाला बाळंतपण का सोसत नाही, कायदा काय म्हणतो. पोर 'हो' म्हणाली तरी पाप मोठ्या माणसाचंच. कुणी लाजून पदर तोंडावर घेतला की बाई कडाडायच्या, "लाज पोरगी मेल्यावर वाटू दे!"

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश व्हायचा होता, त्या वर्षी भय्यासाहेबांची सून विजया दवाखान्यात आली. रडत होती.

"बाई, सासऱ्यांनी आमच्या मीराचं लग्न पक्कं केलंय. पस्तिशीचा बिजवर आहे. पत्रिकेत तिची उमर सोळा लिहवून आणलीय."

मीरा, विजयाची लेक, तेराची होती. तिची नाळ अंबिकाबाईंनीच कापली होती.

"तुमच्याकडे चैत्रगौर बसते ना?" बाई म्हणाल्या. "हळदीकुंकू कर. कुंकू शेवटी लाव. आणि ती पत्रिका माझ्या हातात दे."

मी गेले होते. भय्यासाहेबांचा दिवाणखाना बायकांनी भरला होता. बाईंनी आधी मीराच्या जन्माची दवाखान्यातली नोंद वाचली, मग पत्रिका, मग सुलूचं नाव घेतलं. आतून भय्यासाहेब धावत आले.

"अंबिका, घर की बात घर में रहने दो!"

"घरातच राहिली म्हणून माझी बहीण मेली. उद्या मी कोतवालीत रपट लिहवणार आहे. गवाही द्यायला कोण येतंय?"

"मी येते," विजया म्हणाली. सासऱ्यासमोर तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मग एकेक बाई उठली आणि कुंकू न घेताच चपला घालून चालती झाली. असा अपमान त्या घरानं कधी पाहिला नव्हता. दोन दिवसांत वरपक्षानं नकार कळवला. मीरा पुन्हा शाळेत जाऊ लागली.

आठवड्यानं भय्यासाहेब दवाखान्याच्या पायरीशी आले. आता 'अहो' म्हणत होते. "एकवीस वर्षं झाली, बाई. तुमचा सूड पुरा झाला. आता माफ करा."

"मीरा वाचली, तो सूड नव्हे," बाई म्हणाल्या. "सूड पुढे आहे. तुम्ही जिवंत आहात तोवर दर चैत्रात मी तुमचं नाव घेऊन सुलूची गोष्ट सांगणार."

भय्यासाहेब त्यानंतर अकरा वर्षं जगले. बाईंनी एकही चैत्र चुकवला नाही.